गावरान की ग्रामप्रिया

मला बसवत नाही. दुखणं काही नाही, सवय नाही एवढंच. हैदराबादेत काचीगुड्याला दोन खोल्यांत उभा जन्म काढला. पाणी भरायचं, दळण आणायचं, स्टेशनवर कुणाला पोचवायचं, कुणाला उतरवून आणायचं. नवरा गेला आणि मी मलकपेठला मुलाच्या घरी आले. इथे स्वयंपाकाला बाई, भांड्यांना बाई, कपड्यांना यंत्र. सून पुण्याची, घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते. ती म्हणते, "आई, बसा." मुलगा म्हणतो, "माय, बस ना जरा." स्वयंपाकाची बाई तेलुगूत म्हणते, "कूर्चो अम्मा." तेही बसाच.

मग मी मागच्या परसात जाऊन उभी राहायचे. एक शेवगा, एक नळ आणि बाकी माती. घरात पायाला माती लागेल अशी तेवढीच जागा होती आणि मुलाला तिथे दुसऱ्या गाडीसाठी फरशी घालायची होती.

मी म्हटलं, मला कोंबड्या पाळायच्यात. मुलगा म्हणाला, "ठीक आहे माय. पण शौक म्हणून नक्को. घरची अंडी घरात निघायला पाहिजेत. दिवाळीपर्यंत दुकानातला अंड्यांचा ट्रे बंद झाला तर परस तुझं. नाही झाला तर फरशी. आणि कोंबडा आणायचा नाही. शेजारी पहाटे पहाटे भांडायला येतील."

मी कबूल केलं. अंडी मागायची तर कोंबडीपाशीच, त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

कोणती कोंबडी आणायची यावर घरात आठ दिवस बोलणं चाललं. सुनेने फोनवर वाचून कागदावर लिहून काढलं. पांढरी लेगहॉर्न खाते कमी, अंडी घालते भरपूर, पण अंगाने हलकी, भिंतीवरून उडून जाईल. ग्रामप्रिया ही याच शहराच्या कडेला सरकारी केंद्रात तयार केलेली जात, रंगीत पिसांची, तपकिरी अंड्यांची, परसासाठीच काढलेली. तिने त्या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या. मुलाला कडकनाथ हवी होती, कारण त्याच्या ऑफिसातल्या कुणाकडे होती. मी म्हटलं, ती आतून बाहेरून काळी, अंडं एवढंसं, तुला अंडी पाहिजेत का लोकांना दाखवायला कोंबडी पाहिजे?

"गावरान आणायची," मी म्हटलं.

"आई, गावरान अंडी कमी घालते. इथे लिहिलंय."

"तू कागदावरच्या कोंबड्या बघितल्यास. मी अंगणातल्या बघितल्यात."

हे मी तोऱ्यात म्हटलं. लातूरकडच्या आमच्या घरी पंधरा-वीस कोंबड्या असायच्या. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती भावंडं आणि कोंबड्या सांभाळायलाच. मला वाटायचं, अख्ख्या हैदराबादेत माझ्याएवढं कोंबडीतलं कुणाला कळत नसेल.

जुन्या शहरातल्या कोंबड्यांच्या बाजारात मी रिक्षाने एकटीच गेले. पिंजरे एकावर एक रचलेले. विकणारा म्हातारा मला लढाईची असील दाखवत होता, मान उंच, डोळे लाल. मी ती नको म्हटलं. ती भांडेल चांगली, अंडी कधी घालणार? मी एकेक गावरान हातात घेतली, तुरा बघितला, शेपटीखालच्या हाडांत दोन बोटं मावतात का ते बघितलं. मावली तर ती अंड्यावर आलेली. पाच निवडायला मी बाजाराला चार चकरा मारल्या.

"अम्मा," तो म्हणाला, "आप तो मेरी मुर्गियां से जास्ती फिररे. बैठो जरा."

तिथेही तेच.

पहिले वीस दिवस माझी मान ताठ होती. रोज तीन अंडी, कधी चार. नात सकाळी दात घासायच्या आधी परसात पळायची, एक अंडं तिच्या हातून फुटलंही. दुकानातला ट्रे आणणं थांबलं. सुनेने अंडं उकडून मधे चिरलं, आतला केशरी बलक बघितला आणि आणखी एक उकडायला ठेवलं. मला तेवढं पुरलं.

मग श्रावणात एक कोंबडी खुडुक झाली. खुडुक म्हणजे ती अंडी घालायची थांबते आणि उबवायला बसते. पिसं फुलवून बसली, जवळ गेलं की गुरगुरायची. कोंबडा नाही, तर त्या अंड्यांतून काय निघणार? पण हे तिला कोण सांगणार. चार दिवसांनी दुसरी बसली, मग तिसरी. श्रावण संपेपर्यंत पाचही बसलेल्या. परसात एक अंडं नाही. दुकानातला ट्रे परत आला आणि मुलाने तो मुद्दाम ओट्यावर माझ्यासमोर ठेवला.

मला ठाऊक होते ते सगळे उपाय केले. गार पाण्यात बुडवून काढल्या. घरटी मोडली. आमच्याकडे खुडुक कोंबडीच्या नाकपुड्यांतून पीस आरपार ओवायचे, त्या त्रासाने ती उठून फिरायला लागते. मी एकीला गुडघ्यांत धरलं आणि पीस ओवत होते, तर नात मागे येऊन उभी.

"आजी, तिला बसायचंय तर बसू दे ना. तू कायको परेशान करतीस?"

"बसायला काय अक्कल लागते? अंडी कोण देणार, तू?"

ती रडत आत गेली. त्या पाचांतल्या चार आठवड्याभरात उठल्या. उठल्या म्हणजे फिरायला लागल्या. अंडी काही लगेच घातली नाहीत. ही पीस ओवलेली मात्र नाकात पीस घेऊन परत जागेवर जाऊन बसली. घरटं नव्हतं तर मातीवर बसली.

त्याच आठवड्यात फरशीवाला येऊन टेपने परस मोजून गेला. मी शेवग्याखाली उभी होते. त्याने मला जरा बाजूला व्हा म्हणून सांगितलं आणि टेप माझ्या पायांवरून नेला.

त्या दुपारी मी परसभर चकरा मारल्या आणि मला एक गोष्ट कळली. ती आधीच कळायला हवी होती. गावाकडे आमच्या कोंबड्या किती अंडी घालतात हे मला कधी माहीतच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. पाहुणा आला तर अंडं शोधायचं, मिळालं तर मिळालं. विसांतल्या निम्म्या बसलेल्याच असायच्या, पिल्लं काढायला त्या हव्याच होत्या. मी त्यांना संध्याकाळी टोपल्याखाली कोंडलं होतं, सकाळी सोडलं होतं. त्याला मी इतकी वर्षं अनुभव म्हणत होते.

सुनेचं काम चालू होतं. मी दारात जाऊन उभी राहिले.

"तुझा तो कागद कुठे आहे?"

तिने कानातला हेडफोन काढला, माझ्याकडे बघितलं. "फेकला नाही मी," म्हणाली. "मला वाटलंच होतं लागेल."

हा टोमणा होता. मी तो घेतला, माझ्या वाट्याचाच होता.

शनिवारी तिने मला गाडीतून ग्रामप्रियाच्या त्या सरकारी केंद्रात नेलं. मला तलंगा हव्या होत्या, म्हणजे महिन्याभरात अंड्यावर येणाऱ्या कोंबड्या. त्या दिवाळीआधी कुठेच मिळत नव्हत्या. मिळत होती ती एक दिवसाची पिल्लं. ती अंडी घालणार पाच-सहा महिन्यांनी.

"घेऊन काय करणार आई? दिवाळी तोंडावर आलीये. शिवाय त्यांना ऊब लागते, बल्ब लावा, पेटी बांधा."

"ऊब घरी बसलीये," मी म्हटलं.

ती हसली. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या बोलण्यावर ती हसलेली मला आठवत नाही. बारा पिल्लं घेतली. येताना खोका माझ्या मांडीवर होता, म्हणून मला तासभर हलता आलं नाही.

दिवेलागणीला मी त्या कोंबडीच्या नाकातलं पीस काढलं आणि एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवलं. पहिल्याला तिने चोच मारली. मी तिच्या डोक्यावर टपली दिली. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सकाळी बाराही तिच्या पिसांतून डोकी काढून बघत होती. बाकीच्या चार मी बाजारातल्या म्हाताऱ्याला परत देऊन आले. त्याने मला बसायला स्टूल दिलं. मी नाही बसले.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फरश्या आल्या. मी कोंबडी, पिल्लं आणि टोपलं असं सगळं परसाच्या मधोमध नेऊन ठेवलं.

"माय, हे काय?"

"होळीपर्यंत थांब."

"ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. मी चुकीची कोंबडी आणली. तुझ्या बायकोचं बरोबर होतं. आता बरोबर आणलीये, तिला वाढायला वेळ लागतो."

तो टोपलं उचलायला वाकला. कोंबडीने त्याच्या मनगटाचं कातडं काढलं. तो हात झटकत मागे झाला आणि दारात उभी असलेली सून म्हणाली, "अहो, माझंच बरोबर होतं असं त्या म्हणाल्यात. होळीपर्यंत थांबा की, हे परत ऐकायला मिळणार नाही."

फरशीवाला फरश्या परत न्यायला तयार नव्हता. म्हणून गेटकडच्या अर्ध्या परसात त्या बसल्या. शेवग्याकडची माती राहिली. दुसरी गाडी अजून रस्त्यावरच असते, अर्ध्यात ती मावत नाही.

बारांतली एक मांजराने नेली. पाच नर निघाले, ते आरवायच्या आधी मी कापून घेतले. नात दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी तिने तंगडी मागितली. उरल्या सहा. होळीला चार अंडी मिळाली, पुढच्या आठवड्यात पाच. दुकानातला ट्रे तेव्हापासून आलेला नाही.

ग्रामप्रिया मला आवडत नाहीत. अंडं घालतात आणि मागे वळून बघत नाहीत. पण घालतात. गावरान म्हातारी परवापासून पुन्हा खुडुक झालीये, शेवग्याखाली एका दगडावर बसलीये. नात येता-जाता माझ्या हातात पीस तर नाही ना, ते बघते. नाहीये. म्हातारीखाली ठेवायला यंदा दहा पिल्लं आणायचीत आणि सुनेची मीटिंग काही संपत नाही. मी केव्हाची चप्पल घालून गाडीपाशी उभी आहे.