गालेतची राणी

जानेवारीचा पहिला रविवार, दोन वर्षांपूर्वीचा. डार्मश्टाट, आमच्याच इमारतीचा तळमजला, ओदीलबाईंचं घर. हजर: ओदीलबाई, त्यांचे जर्मन यजमान, वरच्या मजल्यावरचं जोडपं आणि आम्ही चौघं — मी, माझा नवरा मंदार, सात वर्षांची ईरा, आणि तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. गैरहजर: कोणी नाही.

एवढी नोंद माझ्या वहीत आहे. त्याखाली जे लिहायला हवं होतं ते मी लिहिलं नाही. आजवर कुणाला सांगितलंही नाही — मंदारलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. वहीत ते पान मधे मधे येतं आणि मी वैतागते, एवढं खरं.

ओदीलबाई मूळच्या फ्रान्सच्या. आयुष्य जर्मनीत गेलं, पण जानेवारीत येणाऱ्या तीन राजांच्या ख्रिस्ती सणाची गालेत त्यांनी सोडली नाही. गालेत म्हणजे गोल, चपटी, पापुद्र्यांची पेस्ट्री, आत बदामाचं सारण. सारणात चिनी मातीची, बोटाच्या पेराएवढी बाहुली लपवतात — तिला फेव्ह म्हणतात. सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसतं. वरून सुरी लावणारा विचारतो, हा तुकडा कुणाचा? मूल खालून नाव सांगतं. ज्याच्या तुकड्यात फेव्ह निघेल तो त्या दिवसाचा राजा, नाहीतर राणी. सोनेरी कागदाचा मुकुट, टाळ्या, फोटो.

या सगळ्याची यादी दरवर्षी मी करते. करायलाच लागते. ओदीलबाईंवर सोपवलं तर चार जण सरबत आणतील आणि बश्या कुणीच आणणार नाही. बदामाची पूड — वरचं जोडपं. मुकुट — ईरा. लोणी आणि अंडी — मी.

अंडी मी आणली. सहा. हे लक्षात ठेवा.

आईंनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. घरात कुणी ऑम्लेट केलं तर त्या खिडकी उघडून दुसऱ्या खोलीत जातात — तक्रार करत नाहीत, फक्त जातात. पण इथे आल्यापासून प्रत्येक पाकिटाला एकच प्रश्न. "अगं मृणाल, यात अंडं नाही ना?" बिस्किटं, नूडल्स, ब्रेड, साधी चॉकलेटची वडी! सुपरमार्केटात मागे लोक ताटकळत उभे, आणि मी जर्मनमधले बारीक अक्षरातले घटक वाचतेय. मंदारला त्या विचारत नसत. एकदा तो म्हणाला, "आई, मलाही वाचता येतं की." त्यावर त्या म्हणाल्या, "तू वाचशील रे, पण ती नीट वाचते."

सणाच्या तीन दिवस आधी ओदीलबाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, सासूबाईंना काही चालत नाही का? हवं तर एक छोटी वेगळी करीन, अंड्याशिवाय, वरून दूध लावून. मी म्हटलं, नको. नकोच म्हटलं! कारण आणखी एक ट्रे, आणखी एक बाहुली, पुन्हा सगळ्यांना समजावणं — वेगळी का, कुणासाठी, धर्मात आहे का. आईंना फळं देऊ, असं मी मनात ठरवलं. ठरवलं, आणि त्यांना सांगायचं राहिलं. यादीत लिहिलंच नव्हतं ना.

मग तो रविवार. ईरा टेबलाखाली. ओदीलबाईंनी सुरी लावली आणि पहिल्याच तुकड्याला खालून ओरडा आला, "फ्यूर आजी!" — आजीसाठी. सगळे हसले. बशी आईंपुढे आली. वरचा पापुद्रा तांबूस, चकचकीत. आई माझ्याकडे वाकल्या. "काय सोन्यासारखा रंग आलाय गं! अंडं नाही ना यात?"

तो रंग अंड्याच्या बलकाचा होता. मी आणलेल्या अंड्यांच्या.

माझ्या हातात चहाची किटली होती, समोर सहा कप, आणि गेल्या दोन महिन्यांतला तो शंभरावा प्रश्न — असं मला वाटलं. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "नाही हो आई. खा तुम्ही."

झालं. एवढंच. कबूल करायला दोन वर्षं लागावीत असं त्यात काय आहे? पण पुढचं ऐका.

तिसऱ्या घासाला त्यांच्या दाताखाली फेव्ह आली. टोपली घेतलेली एक बाई, पेराएवढी. ओदीलबाईंनी मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवला. मंदारचे बाबा गेल्यापासून आई घरातल्या प्रत्येक कार्यात मागच्या खुर्चीवर बसतात, कुणी पुढे बोलावलं तरी हात हलवून नाही म्हणतात. त्या दिवशी त्या उठून उभ्या राहिल्या. मुकुट सरळ केला. "मंदार, नीट काढ फोटो, कान झाकलेत का बघ." मग सगळा तुकडा संपवला, बशीतला चुराही बोटाने टिपून.

तेव्हा सांगायचं होतं? कसं सांगणार होते? पण नंतर? नंतर तर अख्खे पाच आठवडे त्या माझ्याच घरात होत्या.

पुण्याला परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला देवघर दाखवलं. बाळकृष्णाच्या शेजारी ती टोपलीवाली बाई उभी, कुंकू लावलेलं. "अन्नपूर्णाच आहे बघ, माझ्याकडे चालत आली." मी म्हटलं, "छान दिसतेय, आई." आता सांगा, पहिलं खोटं मोठं की हे? पहिलं निदान घाईत होतं. हे मी खुर्चीवर आरामात बसून बोलले.

मी वैतागले होते, दमले होते — खरं आहे, पण त्याने काही होत नाही. आईंनी एका गोष्टीसाठी एकाच माणसावर विसंबून राहायचं ठरवलं होतं, आणि ते माणूस मी होते.

आता आई डिसेंबरात पुन्हा येतायत. मुक्काम जानेवारीभर. "या वेळी तुमच्या त्या बाईंच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकणारच. बिनअंड्याचं इतकं फुलतं कसं, बघायचंय मला." ओदीलबाईंनाही कळवून झालं, मंदारनेच कळवलं. त्या खूश आहेत.

यादी समोर आहे. आमंत्रणपत्र — झालं. विमा — झाला. विमानतळावर व्हीलचेअर — सांगितली. ईराच्या खोलीत पलंग — झाला. त्याखाली एक ओळ, चार रविवार झाले, दर आठवड्याला मी नव्या पानावर उतरवून घेते:

आईंना फोन. अंडं होतं, मला माहीत होतं, हे सांगणे.