मोठ्या गेटातली भट्टी

दिपमाला मॅडमना कबड्डी शिकवायला सांगा, जीव ओततील. भांडायला सांगा, घशाला कोरड. अमळनेरजवळच्या एका खाजगी शाळेत त्या क्रीडाशिक्षिका, पण हंगामी. दर जूनला नेमणूक नव्याने, आणि तीही संस्थेचे अध्यक्ष गिरधरनाना यांच्या मर्जीने. घर त्या नेमणुकीवरच चाललेलं.

लग्नसराईत शाळेचं मैदान मंडपाला द्यायचं, ही तिथली रीतच. यंदा मे महिन्यात मुलींचं कबड्डीचं शिबिर आणि नानांच्या भाच्याचं लग्न एकाच मैदानात आलं.

"नाना, सराव सकाळी घेते. दुपारी ऊन मरणाचं असतं."

"सकाळी हळदीची माणसं उतरतील. दुपारीच घ्या. आम्ही भर उन्हात नांगर धरायचो, मेलो का?"

"मग मोठं गेट तरी मोकळं ठेवा. ॲम्ब्युलन्सला दुसरी वाट नाही."

"ठेवलं. शब्द दिला!"

हे लिहून घ्यायला हवं होतं. मुली आपल्या हवाली आहेत. धोका दिसला तर सराव थांबवायचा आणि वरिष्ठांना लेखी कळवायचं, हे मॅडमना बी.पी.एड.लाच शिकवलेलं. पण नानांनी शब्द दिल्यावर वर सही मागायची म्हणजे चारचौघांत त्यांची टोपी उडवायची. कोण मागणार? मॅडमना जून दिसला आणि त्या गप्प बसल्या.

लग्नाच्या दिवशी सराव झालाच. कौतिक आबांची मुलगी पुनम चढाई करून परतली ती असंबद्ध बरळत, आणि मध्यरेषेवर कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. कोणी फोन करायचा, कोणी गेटावर पळायचं, हे मॅडमनी मुलींकडून आधीच घोटून घेतलं होतं. गेटाकडे पळालेली हर्षिता धापा टाकत परत आली.

"मॅडम, गेटात भट्टी लावलीय! बट्ट्या भाजताहेत!"

जेवणात वरण आणि निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बट्टीचा बेत होता. आचाऱ्यांनी गोवऱ्यांचा विस्तव नेमका मोठ्या गेटात, आडवा पसरलेला.

वऱ्हाडी जमले. एकाने कांदा आणला, दुसऱ्याने चप्पल हुंगवायला काढली, एक बाई तोंडात पाणी ओतू लागली.

"पाजू नका! शुद्ध नाही तिला, श्वासात जाईल!" मॅडम ओरडल्या. "आधी गार करायचं. उचला!"

मंडपात मठ्ठ्यासाठी बर्फाच्या पाण्याचा मोठा टब होता. पुनमला त्यात गळ्यापर्यंत बसवलं, मॅडमनी तिचं डोकं वर धरलं.

"अहो बाई, मठ्ठ्याचा बर्फ तो!" आचारी किंचाळला.

"गरम प्या मठ्ठा! आणि तो विस्तव ओढा!"

बाहेर ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत उभी. फावड्यांनी निखारे सरकवून वाट होईस्तोवर पुनमने डोळे उघडले होते, "आई, आई" करत होती.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर नाना मॅडमजवळ येऊन बसले.

"वाचली पोर. आता ऐका. ती उपाशी होती म्हणायचं, गेटाचं नाव काढायचं नाही. काही झालं तर शाळा जबाबदार नाही, अशी बापाची सही आहेच."

"नाना, त्या सहीने आपली हयगय धुतली जात नाही."

"आपली? शिबिराच्या आदेशावर नाव तुमचं आहे. आणि जून जवळ आलाय."

मॅडम मनातल्या मनात हिशेब मांडू लागल्या. खरं सांगावं तर आपणही सापडतो आणि नोकरी जाते. खोटं सांगावं तर पोरीला उपाशी धाडल्याचा ठपका बापावर.

तेवढ्यात कौतिक आबा आतून आले. हात जोडलेले, 'उपाशी' एवढाच शब्द कानावर पडलेला.

"मॅडम, पोर खाई-पीईसनच निंघेल व्हती. मंग चूक कोनी शे? मन्ही?"

चूक आपलीच का, हे बाप विचारत होता. नाना खाकरले.

मॅडम शाळेच्या कामात कधी अहिराणी बोलत नसत. आज तीच तोंडात आली.

"तुमनी नही, आबा. मन्ही शे. उन्हात सराव मीच लिधा." नानांकडे त्यांनी पाहिलं नाही. "आनि गेटनी भट्टी नानास्नी."

नाना उठले. "जूनमध्ये बघू," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

आबांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. त्यांनी मॅडमना बसाही म्हटलं नाही. मॅडम पुनमच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत जायचा धीर होईना, आणि परत आबांसमोर जायला तोंड नव्हतं.