भानुदासची जीभ

सिगारेट सोडली की माणसाला बरं वाटतं, असं भानुदास शेडगेला सगळ्यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याची पार वाट लागली. ओढत होता तेव्हा नव्हता एवढा खोकला सुटला, पोट साफ होईना, तोंड आलं, झोप उडाली. वार्षिक तपासणीत एअरफोर्सच्या डॉक्टरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं, म्हणून तर सोडली. आता तेच डॉक्टर म्हणत, "शेडगे, फेफड़े सफाई कर रहे हैं. होने दो." भानुदास होऊ देत होता, पण चंदीगडच्या धुक्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांवर करवादत होता.

त्यातही वाईट म्हणजे बायकोचा स्वयंपाक त्याला सोसेना.

अहिल्या साताऱ्याकडची. लग्न झाल्यापासून ती त्याच्या एअरफोर्समधल्या बदल्यांमागून देशभर बिऱ्हाड हलवत आली, आणि जाईल तिथे भानुदासची एकच तक्रार असायची: इथल्या पाण्याला चव नाही. तेजपूरला म्हणाला, जोधपूरला म्हणाला, इथे तर पहिल्याच घासाला म्हणाला. आमटी अळणी, भाजी पाणचट, आणि दोष सगळा पाण्याचा. गावाकडून कांदा-लसूण मसाला यायचा, त्याची पिशवी वर्षागणिक फुगत गेली. आपली जीभ धुरानं मेली असेल हे या शहाण्याच्या कधी डोक्यातही आलं नाही.

आता त्याच आमटीनं घशापर्यंत जाळ होत होता. मीठ तर तोंडात धरवत नव्हतं. आधी त्याला वाटलं, तोंड आलंय म्हणून असेल. तोंड बरं झालं तरी तेच. मग त्याच्या मनात भलतंच आलं. अहिल्या विसरायला लागली की काय? एकदा घातलेलं मीठ पुन्हा घालते की काय? मुलगा नोकरीला पुण्यात, इथे दोघंच दोघं, आणि हिला काही झालं तर? तो मनातून घाबरला. घाबरला की हा माणूस चिडतो, ही त्याची जुनी रीत.

रविवारी दुपारी पहिल्याच घासाला त्यानं वाटी सरकवली. "तुझ्या हाताची चव गेली, अहिल्या. हे काय जेवण आहे?"

तिचा चेहरा पडला. तिनं वाटी उचलली आणि आत गेली. भानुदास तसाच चपला घालून बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं न विचारता त्याचं नेहमीचं पाकीट पुढे ठेवलं. "बड़े दिनां बाद, शेडगे साब!" भानुदासचा हात पुढे गेला. एक ओढली की सगळं शांत होईल, डोकं, पोट, राग, सगळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण अहिल्येचा तो पडलेला चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. आयुष्यभर जिनं खाऊ घातलं तिला आपण काय बोललो, याची त्याला लाज वाटली. पाकीट तिथेच ठेवून तो माघारी फिरला.

अहिल्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून एकटीच जेवत होती. तो शेजारी टेकला. माफी कशी मागतात ते येत नव्हतं, म्हणून त्यानं तिच्याच ताटातला भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात टाकला. आणि थबकला.

"ही आमटी वेगळी आहे."

"माझी आहे. मी आधी काढून ठेवते," ती खाली मान घालून म्हणाली. "मग तुमच्यात वरनं मीठ-मसाला घालते."

"कधीपासून?"

"तेजपूरपासून."

भानुदासनं आणखी एक घास घेतला. डाळीची चव लागली, जिऱ्याची लागली, चिंचेच्या मागे ठेवलेल्या गुळाचीही लागली. इतकी वर्षं ही बाई असं रांधत होती आणि आपण कधी चाखलंच नव्हतं.

"अगं, पण आता कशाला घालतेस? मला सोसत नाही, दिसतंय ना?"

"दिसतंय वो. पण धीर होईना." ती ताटातली भाकरी मोडत राहिली. "जेवण अळणी लागलं की तुम्ही ताटावरनं उठायचात ते थेट सिगारेट पेटवायला. मला वाटलं, चव कमी पडली तर पुन्हा ओढाल. म्हणून हल्ली तर चमचाभर जास्तच घालत होते."

तिचा हात त्यानं धरला, उष्टा तसाच.

"ओढायलाच गेलो होतो आत्ता. नाही ओढली."

"कळलं मला. वास नाही आला."

"उद्यापासून एकाच पातेल्यात कर. तुझ्यासारखं."

"आणि तलफ आली तर?"

"येणारच. आली की इथे तुझ्याजवळ येऊन बसेन."

अहिल्येनं पदरानं डोळे पुसले आणि कोपऱ्यातली परडी त्याच्यापुढे ओढली. "मग नुसते बसू नका," ती म्हणाली. "लसूण सोला."