काव समजून धुतलेला पावटा

“यांनी काही घेतलंय का?” बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आत्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. “पिनपॉइंट प्युपिल्स आहेत,” म्हणाले. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. “ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग दिसतंय. शेतात वापरतात ते विष.”

विष? अहो, बाई पावट्याची उसळ खाऊन पडली होती!

कळसला, आमच्या गावी, परसात पावट्याचे वेल आहेत. शेंगा वाळल्या की आत्या दाण्यांना काव चोळून ठेवतात. काव म्हणजे तांबडी माती; तिनं कीड लागत नाही. त्यांनी फळीवरचा डबा काढला, दाणे तांबडे दिसले, म्हणून नेहमीसारखे भिजत घातले आणि तांबडं पाणी फेकून उसळ केली. माझा उपवास होता, आणि आमचे हे भिगवणला गेलेले. आत्या एकट्याच जेवल्या. थोड्या वेळानं उलट्या, मग दरदरून घाम, तोंडातून लाळेची धार. गावातल्या डॉक्टरांनी हात न लावता गाडी बारामतीला पिटाळली.

हे परस्पर दवाखान्यात आले. उसळीचं ऐकलं आणि पांढरेफटक पडले.

“डाक्टर, ते बियाणं व्हतं. वाळवी लागू न्हाय म्हणून म्या औषध चोळलं व्हतं. वर बुरशीवरची तांबडी पावडर बी.”

“घरात सांगितलं होतं?”

“न्हाय. डबा फळीवर ठिवला आन् तसाच भिगवणला गेलो,” हे म्हणाले. मला असा राग आला! तोंडाला काय कुलूप लावलं होतं? पण भांडायला तरी जीव कुठं होता माझ्यात.

विषाची केस म्हणून दवाखान्यानं पोलिसांना कळवलं. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमी का न्हाय जेवला, ताई?” उपवास होता, असं मी म्हणाले, तर माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. खरं सांगते, त्या बाकड्यावर बसून मी दोन गोष्टींना भीत होते. आत्या जातील, आणि गेल्या तर लोक माझ्याकडं बोट दाखवतील. दुसऱ्या भीतीची लाज वाटायची, पण ती जाईना.

आयसीयूत अॅट्रोपिन चालू होतं. तो या विषावरचा उतारा. “श्वास थकला तर व्हेंटिलेटर लावू,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मशीननं श्वास द्यायचा. मला आत सोडलं की मी फक्त छातीकडं बघायचे. वर येतीय, खाली जातीय. जरा थांबल्यासारखी वाटली की मी सिस्टरला हाक मारायचे.

दुसऱ्या दिवशी आत्या चादरीवरून काहीतरी खुडायला लागल्या. हवेतली शेंग सोलायची, दाणा काढायचा. डोळे उघडे, पण ओळख नाही. “धर की गं पदर, सांडतंय सगळं,” म्हणाल्या. मी पदर पसरला. त्या काहीच नसलेले दाणे टाकत राहिल्या आणि मी ढसाढसा रडत तो धरून उभी राहिले. सिस्टर म्हणाल्या, घाबरू नका, अॅट्रोपिननं माणूस असं बरळतं, उतरेल. माझा विश्वास बसला नाही.

पण उतरलं. चौथ्या दिवशी आत्यांनी मला नावानं हाक मारली. हवालदार पुन्हा आले, तेव्हा त्याच म्हणाल्या, “म्याच शिजवलं, म्याच खाल्लं. पोरीला कशाला तरास देताय?” भिजवलेलं पाणी फेकलं म्हणून विष पोटात कमी गेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचे आणि त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

बायांनो, औषध चोळलेलं बियाणं स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. आणि घरातल्या पुरुषांनो, तोंड उघडून सांगत जा.

यंदा वेलांना पुन्हा शेंगा लागल्या. मी पावट्याचं नाव काढत नव्हते, पण आत्यांनी हट्टच धरला. शेंगा माझ्या हातानं सोलल्या, दाणे सरळ पातेल्यात टाकले आणि ताट वाढलं. त्यांनी घास उचलला आणि मी पटकन त्यांचं मनगट धरलं. धरलं ते सुटेना. घास हातातच होता.

“सोड आता,” त्या म्हणाल्या, “मला भूक लागलीया.”