महेश्वरला न्यायच्या दोन सायकली

शरदचंद्र माणूस भला, पण भारी चिकित्सक. इंदूरमधल्या पोलोग्राउंडच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आणि केलेलं काम पुन्हा पुन्हा तपासायची तिथली खोड निवृत्तीनंतर घरी आली. स्नेहलतागंजमधल्या त्यांच्या घरात दुरुस्त झालेला मिक्सरसुद्धा आधी 'ट्रायल'वर असायचा. चारुलताबाई तोवर पाट्यावर चटणी वाटायच्या आणि नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायच्या.

बाई माहेरच्या महेश्वरच्या. नर्मदेच्या काठानं सायकल पिटाळणारी ही मुलगी लग्न होऊन इंदूरला आली आणि सायकल सुटली ती सुटलीच. आता उतारवयात ती हौस पुन्हा उफाळली, तर हृदय कमजोर झालेलं. डॉक्टर म्हणाले, दम लागेल असं काही करायचं नाही.

तोड शरदरावांनीच काढली. घडी होणाऱ्या दोन इलेक्ट्रिक सायकली आणल्या. जुन्या व्हॅनची मागची सीट काढून त्या पट्ट्यांनी आवळून बसवल्या. गाडी चालू असताना त्यांच्या बॅटऱ्या आतल्या आत चार्ज व्हाव्यात म्हणून वेगळी वायरिंग केली. महेश्वरला उतरायचं, सायकली उघडायच्या आणि निघायचं. बाईंनी फक्त हँडल धरायचं, ओढायचं काम मोटरचं.

गणपतीच्या आधी सगळं तयार होतं. पण वायर गरम तर होत नाही ना, पट्टा सैल तर पडत नाही ना, असं करता करता गणपती उठले आणि पितृपक्ष लागला.

"अहो, आता तरी चला ना. किती चेक कराल?" बाई म्हणाल्या.

"पितृपक्षात नवीन काही काढत नाहीत. दसऱ्याला गाडीची पूजा करू, हार घालू, मग आरामात जाऊ."

"पितर कशाला नाराज होतील? माझे आई-बाबा पण तर त्यांच्यातच आहेत ना! बेटी माहेरी आली म्हणून खुशच होतील ते."

शरदराव हसले, पण बधले नाहीत. शेजारचा देवेंद्रही म्हणाला, "घेऊन जा ना काकूंना, शरदजी. टेंशन काय आहे?"

"महेश्वर कुठे पळून चाललंय, भिया?" शरदरावांनी इंदुरी थाटात उडवून लावलं.

बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. अबोला धरला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं.

त्याच पंधरवड्यात एका दुपारी, जेवणं झाल्यावर, भांडी पुसता पुसता त्या खाली बसल्या. घामानं डबडबल्या, श्वास पुरेना. ॲम्ब्युलन्स कुठल्याशा चौकात अडकलेली. दारात व्हॅन उभी होती. शरदरावांनी पितृपक्ष आठवायलाही वेळ घेतला नाही. हाक ऐकून देवेंद्र धावत आला. दोघांनी बाईंना उचलून दोन सायकलींच्या मधे गादीवर निजवलं. देवेंद्र गाडी चालवायला बसला, शरदरावांनी बायकोचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी सुरू झाली तसे चार्जरचे दिवे लागले.

बाईंनी डोळे उघडले. सायकलींकडे पाहिलं.

"निघालो आपण?"

"हो, चारू."

"पितृपक्षात?"

"हो. पितृपक्षातच."

"उतरल्यावर आधी मी चालवणार बरं का."

"तूच चालव."

त्या समाधानानं हसल्या आणि डोळे मिटले. पुढचा सगळा रस्ता शरदराव त्यांना महेश्वरबद्दल सांगत राहिले, आता घाट उतरतोय, आता नदी दिसेल. बाहेर इंदूरचंच ट्रॅफिक हॉर्न वाजवत होतं. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. वायर गरम झाली नव्हती, एकही पट्टा सैल पडला नव्हता, आणि हे शरदरावांना कळत होतं म्हणून त्यांना ढसाढसा रडू आलं.

दसऱ्याला गल्लीतल्या गाड्या धुतल्या गेल्या. देवेंद्रकडे झेंडूचा एक हार उरला. तो चाचरत दाराशी आला.

"शरदजी, व्हॅनला घालू का? नवीनच तयार केली आहे ना तुम्ही."

"नको रे," शरदराव म्हणाले. "ती महेश्वरला जाऊन आली."