काय तोडनं शे?

मी पोलीस खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या बीटवर. लोक मला लीलाधर जमादार म्हणत. अक्षर बरं असल्यामुळे जिथे जाईन तिथे पंचनामा माझ्याच गळ्यात पडायचा. खून, मारामाऱ्या, डोकी फोडणं, सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय. आणि प्रत्येक कागदावर कारण म्हणून एकच शब्द लिहिलाय: पूर्ववैमनस्य. फार सोयीचा शब्द आहे. साहेब खूश, कोर्ट खूश, आणि खरं काय घडलं ते कोणालाही कळत नाही.

खरं काय घडतं हे मला सोनखेडीच्या धुरपदाबाई लोहारणीने शिकवलं. बाई निरक्षर. पंचनाम्यावर अंगठा उठवायची.

चावडीच्या पुढे, निंबाखाली तिची भट्टी. नवरा हिलाल तापाने गेला तेव्हा गाव धरून चाललं होतं, की आता ऐरण थंड पडणार. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी बाईने भट्टी पेटवली. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात हातोडा. जाऊ बेबाबाई भाता ओढायची आणि मोठं काम असलं की घण मारायची. धुरपदाबाई उंचीने बेताची, आवाजाने मात्र दांडगी. विळ्याला धार कमी लागली अशी तक्रार घेऊन कोणी आला, तर ती त्याच विळ्याने त्याच्या मिशीचा केस कापून दाखवायला निघायची. तक्रार तिथेच मिटायची. सगळं गाव तिला अक्का म्हणे, तिच्याहून थोरली माणसंसुद्धा.

तिची एक रीत होती. कुऱ्हाड न्यायला आलेल्या माणसाला ती विचारायची, "काय तोडनं शे?" म्हणजे काय तोडायचंय? माणूस म्हणायचा बाभूळ, कोणी म्हणायचा चुलीचं जळण, कोणी म्हणायचा वाळलेला निंब. मग कुऱ्हाड हातात. ज्याला उत्तर देता आलं नाही, त्याचा दांडा ती ठोकून बाहेर काढायची आणि म्हणायची, दांडा ढिला झालाय, परवा ये. नवीन माणसाला वाटायचं बाई चक्रम आहे. मलाही वाटलं होतं.

ही रीत आधी नव्हती. ती आली चौऱ्याऐंशी सालापासून. त्या साली गावातल्या पुनाने सख्ख्या थोरल्या भावाला कुऱ्हाडीने मारलं. कागदावर मी लिहिलं, शेताच्या बांधावरून पूर्ववैमनस्य. बांध होताच, पण तो वीस वर्षं होता आणि वीस वर्षं कोणी मेलं नव्हतं. आदल्या दिवशी लग्नाच्या पंगतीत भावाने सगळ्यांदेखत पुनाच्या पुढची वाढलेली पत्रावळ ओढून घेतली होती. चारशे माणसं हसली. पुना हात धुऊन उठला आणि सकाळी कुऱ्हाडीला धार लावून घ्यायला लोहारणीकडे गेला.

तिचा जबाब मीच घेतला. धार कोणी लावली? "मी." तुला काही संशय आला होता का? बाईने पदराने हाताची काजळी पुसली. मग म्हणाली, "त्यानं तोंड मी पाह्यं व्हतं, जमादार. पाहीसन बी धार लावी दिनी."

त्याचा चेहरा पाहूनही धार लावून दिली, हे मी लिहिलं नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नव्हता. लिहिलं, संशय आला नाही. तिने अंगठा उठवला आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, की जणू खोटी साक्ष मीच दिली होती. खोटं कशाला बोलू, दिलीच होती.

आता एकोणनव्वद सालचं सांगतो. कौतिक आणि बन्सीलाल, दोघांची केळी बांधाला बांध लावून. लहानपणापासून एकमेकांच्या विहिरीत पोहलेले. श्रावणात बन्सीलालच्या केळीची कापणी होती, ट्रक सडकेला लागलेला, वीसपंचवीस माणसं घड वाहत होती. त्या साली बन्सीलालचे घड बारकेच आले होते. कौतिकने एक उचलून धरला आणि ओरडला, "हाऊ घड शे का फणी, बन्सी?" फणी म्हणजे घडातला नुसता एक पंजा; ट्रकवरचे हमालसुद्धा हसले. कौतिकला वाटलं, झाली गंमत, संपली. पण गावाला फुकटची करमणूक मिळाली की गाव ती दोन महिने पुरवून खातं. बन्सीलालचं नाव फणी पडलं. किराणा दुकानात फणी, दूध घालायला गेला तर फणी, सासुरवाडीच्या पाहुण्यांसमोर फणी. तो कोणाला काही बोलला नाही. तिथेच सगळ्यांनी ओळखायला हवं होतं.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी सकाळी कौतिक बागेत गेला, तर निसवलेली, घड धरलेली बाराशे केळी गुडघ्यातून कापून आडवी पडलेली. कोवळे घड मातीत, चिकाने सगळी जमीन काळी पडलेली. विचारायची गरज नव्हती. बन्सीलालच्या बांधापर्यंत ओली पावलं गेली होती.

त्या वेळी मी अक्काच्या भट्टीपुढे बसलेलो. माझ्या सायकलचा स्टँड मोडला होता आणि ती तो ठोकून देत होती. कौतिकची कुऱ्हाड दोन दिवसांपूर्वीच तिच्याकडे धारेला आलेली. धार लावून तयार, निंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली, उन्हात चकाकत होती.

कौतिक आला. रडत नव्हता, ओरडत नव्हता. मागे चाळीसेक माणसं. कोणी त्याला धरत नव्हतं, सगळे त्याच्या पावलाशी पाऊल लावून चालत होते. मी उठलो, कमरेचा पट्टा वर ओढला, आणि पुढे काय करायचं हे मला सुचेना. काठी होती, ती सायकलला बांधलेली. आणि सायकल ऐरणीपलीकडे आडवी.

"बठा जमादार, बठा," अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली. मी बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो.

"अक्का, मन्ही कुऱ्हाड दे."

"काय तोडनं शे?"

कौतिक बोलेना. मागची माणसंही बोलेनात.

अक्काने कुऱ्हाड उचलली. ऐरणीच्या कडेवर उलटी धरून दोन घाव घातले, दांडा बाहेर आला. तो तिने कौतिकच्या हातात दिला. आणि बिनदांड्याचं पातं सरळ भट्टीत घातलं. "ओढ बेबे!" बेबाबाईने भाता असा ओढला की ठिणग्या निंबाच्या पानांपर्यंत गेल्या. दोन दिवस खपून पोलादाला दिलेलं पाणी, लावलेली धार, सगळं आमच्या डोळ्यांदेखत लाल होऊन गेलं. कुठला लोहार स्वतःचं काम असं जाळतो? तिच्या तोंडावर जाळ पडला होता आणि ती त्या पात्याकडेच बघत होती. मला वाटतं ती पाच वर्षांपूर्वीचं पातं जाळत होती.

"आज तुले कुऱ्हाड भेटाव नही," ती म्हणाली.

कौतिकच्या हातात नुसता दांडा. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं, आणि कौतिकचं तोंड बदललं. पुनाचं पंगतीतलं तोंड कसं झालं असेल, ते मला त्या क्षणी दिसलं. तेवढ्यात मागून छगन नावाचा एक टोणगा पुढे आला आणि आपली कुऱ्हाड पुढे करून म्हणाला, "ही ले भाऊ, मन्ही ले."

अक्का सांडशी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. सांडशीच्या टोकाला लालभडक पातं. "छगन, तुले इतली घाई शे त तू जाय ना मंग. तूच मार. जाय! जमादार आठेच बठेल शे, लिखी ली." छगनने कुऱ्हाड मागे घेतली. मग ती सगळ्या गर्दीवर फिरली. तिच्या तोंडची भाषा मी इथे लिहीत नाही, माझी सून हे वाचणार आहे. एवढंच सांगतो, की चाळीसातली तीस माणसं दोन मिनिटांत घरी गेली. कोणाची म्हैस सुटली होती, कोणाचं दूध उतू जात होतं.

गर्दी गेली आणि कौतिकचे खांदे खाली आले. हे मी डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं मला वाटायचं माणूस रागाने मारतो. राग तर त्याला बागेतच आला होता, भट्टीपर्यंत चालत येताना निम्मा उतरलाही असेल. त्याला पुढे ढकलत होती ती मागची चाळीस माणसं. आता मागे फिरलो तर उद्या हे मला काय नाव ठेवतील, ही त्याची भीती होती.

बाईला ते ठाऊक होतं. तिने सगळ्या गावापुढे दोष स्वतःवर घेऊन त्याला परतायला वाट करून दिली. म्हणाली, "बठ्ठा गावले सांग, लोहारनीनी कुऱ्हाड दिनी नही. दे माले शिव्या. मन्हावर काढ राग."

कौतिक मटकन खाली बसला आणि दांडा उराशी धरून लहान मुलासारखा रडला. अक्काने त्याला रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "केळ कापी त पिल फुटस. मानूस काप्या त फुटस का रे, भाऊ?"

बन्सीलालला मी तासाभरात त्याच्या ओसरीवरून उचलला. पळाला नव्हता. पायाला चीक तसाच. म्हणाला, "बठ्ठा माले फणी म्हनेत, जमादार." चोपड्याला नेऊन गुन्हा नोंदवला, त्याला शिक्षाही झाली, ती त्याने मुकाट भोगली. कारणाच्या रकान्यात पूर्ववैमनस्य लिहिलं, पण पहिल्यांदाच ते पुरेसं वाटेना. शेवटी मी पुढे लिहिलंच: 'फणी असे चिडविल्याने.' साहेबांनी तांबड्या शाईने काट मारली. मारू देत.

गावाने वर्षभर अक्काला येडी लोहारीण म्हटलं. ती म्हणे, म्हणा. कौतिकच्या बागेतल्या बुंध्यांना मात्र तिच्या शब्दाप्रमाणे पिलं फुटली. कौतिकने एका बुंध्याला एकच पिल ठेवलं, जीव लावून खोडवा वाढवला, आणि पुढच्या कापणीला असे घड आले की दोन माणसांना एक उचलवेना. ट्रक सडकेला लागला, तीच माणसं जमली. बन्सीलाल सुटून आला होता, बांधापलीकडे खाली मान घालून उभा. कौतिक बांध ओलांडून गेला, त्याला हाताला धरून ट्रकपाशी आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी याले फणी म्हनं व्हतं. चूक मन्ही व्हती." चारचौघांत केलेला अपमान त्याने चारचौघांतच परत घेतला. पहिला घड दोघांनी मिळून ट्रकवर चढवला. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

ते पातं मात्र अक्काच्या भट्टीवर खिळ्याला टांगलेलंच होतं, पाणी उतरलेलं, काळं. कौतिकने मागितलं नाही, तिने दिलं नाही. दर खंडेनवमीला ती ऐरण, घण, सांडशी धुऊन पुजायची, तेव्हा त्यालाही हळदकुंकू लावायची.

त्र्याण्णव सालच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो. माझी निवृत्ती महिन्यावर आली होती. अर्धं गाव आपापली हत्यारं घेऊन पूजेला जमलेलं. तेवढ्यात कौतिक आला, मागोमाग बन्सीलाल. कौतिकच्या हातात तोच जुना दांडा, चार वर्षं जपलेला, तेल पाजून गुळगुळीत केलेला.

"अक्का, मन्ही कुऱ्हाड दे."

सगळे पुढे सरकले. छगनसुद्धा.

"काय तोडनं शे?"

"तुयशीनं लगीन झायं का मन्ही पोरनं लगीन शे. मांडवले मेढी तोडन्या शेतस."

"कोन तोडी?"

"मी नि बन्सी."

खंडेनवमीला लोहार काम करत नाही, हत्याराला त्या दिवशी विश्रांती. धुरपदाबाईने पूजेचं ताट बाजूला सारलं, पदर खोचला आणि बेबाबाईला हाक मारली. भाता सुरू झाला. खिळ्यावरचं पातं काढून तिने भट्टीत घातलं, लाल केलं, ठोकून सरळ केलं, आणि सांडशीने धरून पाण्यात बुडवलं. चर्र आवाज झाला आणि वाफेने तिचं तोंड दिसेनासं झालं. मग धार लावली, दांडा बसवला, आणि दोन्ही हातांनी कुऱ्हाड कौतिकला दिली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

मी नोकरीत शेकड्यांनी हत्यारं जप्त केली, कापडात बांधली, लाखेने मोहोरबंद केली. हत्यार मालकाच्या हातात परत गेलेलं आणि त्यावर गाव टाळ्या वाजवतंय, हे मात्र तेवढं एकदाच पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि या वेळी उभा होतो.