सोमवारी भिजलेले वाफे

भुताखेतांच्या गोष्टी मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. सगळी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. पोरांच्या डोक्यातली भुतं काढण्यातच निम्मी नोकरी संपली म्हणा ना! माझी नात मोबाईलवर तुमचे हे अनुभव वाचते आणि मला ऐकवते — कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसली, कुणाला घुंगरू ऐकू आले. मी म्हणते, बंद कर ती बडबड. पण परवा तिनं विचारलं, "आजी, तुझ्या बाबतीत कधीच काही झालं नाही?" आणि मला पटकन 'नाही' म्हणता येईना... तर आता मी सांगतेय आणि ती टाइप करतेय. मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत, असं तिला बजावलंय.

साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. निजामाचं राज्य अजून होतं. आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गाच्या अंगाचं. सोलापूरची हद्द तीन कोसांवर. त्यामुळं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा. थोरला भाऊ अण्णा, एकोणीस वर्षांचा. मी अकरा वर्षांची, आणि माझ्या पाठचा बसू आठचा. आमचा पानमळा होता, खायच्या पानांचा. मळ्याला लागूनच घर.

अण्णा उन्हाळ्यातच हद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला होता, राज्याविरुद्ध लढायला. एका सकाळी उठून बघतो तर त्याचं अंथरूण रिकामं. अप्पांनी आम्हाला दम भरला, "कुणी इचारलं तर सांगायचं, मामाकडं गेलाय. जास्त तोंड उघडलं तर बघा." अव्वानं त्या दिवसापासून गोड खाणं सोडलं. पोरगा घरी येईस्तोवर न्हाय म्हणाली. तो जिवंत आहे की नाही, एवढी एकच गोष्ट त्या घरात होती. त्यावर कुणी बोलत नसे.

अण्णा गेल्यावर मोटेला अप्पा एकटे पडले. मळ्याला पाणी रोज लागतं आणि पावसानं तर उघडीप दिलेली. शेवटचे चार वाफे अण्णानं स्वतः लावलेले. तिथवर पाणी पोचेना, वेल माना टाकू लागले. अप्पा तिकडं बघायचेच नाहीत.

पोळ्याच्या आधीचा सोमवार होता. आम्ही लिंगायत. आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. म्हणजे मोट बंद. बैल गोठ्यात, मोटेचं कातडं विहिरीच्या काठावर वाळत पडलेलं. दुपारी जेवणं झाल्यावर बसू मळ्यात गेला आणि धावत परत आला.

"आक्का, अण्णाचे वाफे भिजलेत!"

"गप ए, थापाड्या. सोमवार हाय आज."

"शपथ! चल, चल बघ."

गेले. चारही वाफे काळेभोर भिजलेले. अगदी शेवटच्या वेलाच्या बुडाशी पाणी. पण विहिरीपासून येणारा पाट मात्र कोरडा... मधल्या वाफ्यांत मातीला भेगा.

बसूला चेव चढला. आपण शोधायचं म्हणाला, कुणाला सांगायचं नाही. शेजारच्या सिद्रामकाकांवर त्याचा पहिला संशय. मी म्हटलं, "त्यांच्या स्वतःच्या मळ्याला पाणी पुरंना, ते तुझ्या वाफ्याला घालतील व्हय रे?" मग तो माकडांवर घसरला. मी हसले. त्या वर्षातलं माझं बहुतेक ते शेवटचं हसणं असेल, पण तेव्हा काही कळलं नाही.

मंगळवारी जेवणानंतर पुन्हा तेच. या वेळी चिखलात पाऊल होतं. एकच, उजवं, अनवाणी. पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही, मळा बाटतो. देवळात जावं तसं पाय धुऊन जायचं. त्यामुळं अनवाणी असण्यात नवल नव्हतं. पण अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब पडलेला, चांगलं दोन बोटांचं अंतर. आमच्या घरात असा पाय एकाचाच.

बसू घराकडं गेला आणि सदऱ्याखाली लपवून काहीतरी घेऊन आला. अण्णाची चप्पल! जाताना मागं राहिलेली.

"अरे मुडद्या, मळ्यात चप्पल? अप्पा जीव घेतील!"

"गप. घालत न्हाय, लावून बघतो फक्त."

त्यानं चप्पल पावलाशेजारी ठेवली. लांबी तीच. अंगठ्यानं चपलेला पडलेला खळगा आणि चिखलातला खळगा, दोन्ही एकाच जागी. आम्ही एकमेकांकडं बघितलं. अण्णा आला होता. लपून येत होता, आपल्या वाफ्यांना पाणी देऊन जात होता. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

बुधवारी आम्ही फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून वाफ्याच्या कडेला ठेवला आणि पालथे पडून पाळत ठेवली. ऊन रणरणत होतं. कुणी आलं नाही. मग अव्वानं घरातून हाक मारली, आम्ही दोघं उठून कुंपणापर्यंत गेलो, "आलो, आलो" म्हणून ओरडलो आणि फिरलो. एवढाच वेळ. वाफे भिजलेले होते. भाकरी नव्हती. फडकं चार घड्या घालून ठेवलेलं. बसूला मी म्हटलं, "बघ, माकड घड्या घालतंय का?"

गुरुवारी सकाळीच ताजं पाऊल होतं. आणि त्याच सकाळी चार कोसांवरच्या एका गावाहून माणूस आला. तिथल्या विहिरीत प्रेत सापडलं होतं. तरणा पोरगा, गोळी लागलेला. तीन-चार दिवस पाण्यात, चेहरा ओळखण्यासारखा उरला नाही. हद्दीवरच्या पोरांपैकी असावा म्हणून ज्यांची मुलं गेलीत अशा घरांना निरोप देत तो फिरत होता.

अव्वा दारात खालीच बसली. अप्पांनी पटका बांधायला घेतला. आणि मी — मी मोठी, शहाणी — पुढं झाले.

"अप्पा, तो अण्णा न्हाय. अण्णा हितंच हाय. आज सकाळी येऊन गेला."

मी सगळं सांगितलं. वाफे, पाऊल, भाकरी. अप्पा ऐकत राहिले.

"कशावरनं त्याचाच पाय?"

"चप्पल लावून बघितली," बसू म्हणाला.

मळ्यात चप्पल नेली म्हणून आता फोडून काढतील, असं वाटलं मला. पण त्यांनी बसूच्या खांद्यावर हात ठेवला. "अगदी बसली?"

"अगदी, अप्पा."

तरी ते गेले. जावं लागलंच. दिवस मावळायच्या आत परत आले. "आपला न्हाय. गळ्यात लिंग न्हाय त्याच्या," एवढंच म्हणाले. आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग जीव गेला तरी उतरवत नाहीत, त्यामुळं अव्वाचा लगेच विश्वास बसला. तिनं गव्हाची हुग्गी केली, गूळ घालून. आमच्याबरोबर स्वतःही खाल्ली. त्या परक्या पोराला कुणी नातेवाईक मिळाला नाही, म्हणून तिथल्या लोकांनी लाकडं रचून जाळलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही जाळत नाही. आम्ही मातीत बसवतो, डाव्या हातात लिंग ठेवून.

शुक्रवारी वाफे कोरडे होते. शनिवारीही. त्यानंतर ते कधीच आपोआप भिजले नाहीत.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कॅम्पातली पोरं घरी परतू लागली. एके दिवशी अण्णाच्या बरोबरीचा एकजण आला. त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडून अप्पांच्या पुढं धरली. आत अण्णाचं लिंग होतं. पाणी प्यायला विहिरीत उतरताना अण्णानं ते याच्याकडं दिलं होतं. धरलो गेलो तर भलत्याच्या हाती पडू नये, म्हणाला होता. मग वरून गोळी आली, हा ज्वारीत शिरून वाचला. कुणी घातली, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"कुठला वार?" अप्पांनी विचारलं.

"आइतवार, काका. पोळ्याच्या आधीचा. दुपारी."

रविवार. आणि वाफे भिजले सोमवारी.

कुणी रडलं नाही. अव्वानं त्या मुलाला पाणी दिलं, जेवून जा म्हणाली. नंतर आमचे स्वामी आले, पण मातीत बसवायचं कुणाला? अंगच नव्हतं. लिंग ठेवलं, वर माती लोटली. मी उभी होते. मला काहीच वाटत नव्हतं, आणि खरं सांगू का, पुढं कितीतरी वर्षं वाटलं नाही. लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली, पण सगळं कुणा दुसऱ्याचं चालल्यासारखं.

बसूशी या विषयावर मी एकदाच बोलले, त्याच्या पन्नाशीत. तो म्हणाला, "आक्का, तो पाणी द्यायला येत नव्हता. मला न्यायला या, हे सांगायला येत होता. आणि आपण..." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

अप्पांनी आम्हाला कधी शब्दानं दुखवलं नाही. एकदा जरी थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. ते गेले त्या वर्षी मी त्यांच्या उशाशी बसले होते. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. त्यांनी माझा हात धरला.

"आक्का, लिंग न्हाय, असं तिथला माणूस बोलला. म्या कापड उचललंच न्हाय गं. पाय बघितलाच न्हाय. तुमी दोघांनी सांगितलं हुतं ना, चप्पल अगदी बसली म्हणून... तिथनंच माघारी फिरलो."

ते पाणी कुठून आलं, भाकरी कुणी खाल्ली, मेलेल्या माणसाचा पाय ताज्या चिखलात कसा उठला — मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं, आज अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही नाही. कुणाकडं खुलासा असेल तर कृपा करून कळवू नका, मला तो नको आहे.

अप्पा माझ्याकडं बघत होते.

"व्हय अप्पा," मी म्हटलं. "अगदी बसली हुती."